वादी अल् हितान : देवमाशाचा गुडघा पाहायला इजिप्तमध्ये एक दिवस

इजिप्तला जाणाऱ्या आपल्या लोकांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. कैरो, गिझाचे पिरॅमिड, लक्झर, अस्वान, नाईलमधली बोट, मग पपायरसचं दुकान आणि अत्तराचं दुकान. आमचाही तसाच होता. डिसेंबरच्या शेवटी नऊ दिवस, रत्नागिरी-कोल्हापूरकडची आम्ही बावीस माणसं. त्यात कैरोतला शेवटून दुसरा दिवस खरेदीसाठी मोकळा ठेवला होता. तो दिवस मी वादी अल् हितानला दिला, जुन्या देवमाशांचे सांगाडे वाळूत पडलेल्या दरीला. परत आल्यापासून कसं गेलात, किती वेळ लागला, नेणाऱ्यांची सोय बरी होती का, असं इतक्या जणांनी विचारलं की शेवटी एकदाच सगळं लिहून काढते आहे. जागेबद्दल वेगळं लिहिते आणि आम्हाला नेणाऱ्या एजन्सीबद्दल वेगळं. दोन्ही एकाच मापाने मोजले तर जागेवर अन्याय होईल.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे. दहावीला आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा दरवर्षी येतो. अवशेषांगं, म्हणजे पूर्वजांपासून शरीरात उरलेले अवयव, म्हटलं की मी आंत्रपुच्छ, अक्कलदाढ, माकडहाड सांगते आणि मुलं लिहून घेतात. त्यांना ते पटतं, पण डोळ्यांत काही चमकत नाही. म्हणून काही वर्षांपासून मी एक हाड वर्गात नेते. बाजारातल्या खाटकाकडून आणलेलं, बकऱ्याच्या मागच्या पायाच्या घोट्यातलं. उकळून, घासून पांढरं केलेलं. सुपारीपेक्षा मोठं, मुठीत सहज मावणारं. त्याच्या वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच आहे आणि खालच्या टोकालाही तशीच. दोन्हीकडे कप्पी असलेलं हे हाड फक्त समखुरी प्राण्यांत सापडतं : गाय, बकरी, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा. मुलांच्या हातात ते फिरत असतं तेव्हा मी सांगते की अगदी असंच हाड जुन्या देवमाशांच्या पायात सापडलं आहे. त्या वेळी मात्र वर्गात हमखास कोणीतरी म्हणतं, "बाई, देवमाशाला पाय?"

दुसरं कारण घराजवळचं. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. बातमी कळल्यावर आम्हीही गेलो. गावातली माणसं आणि वनखात्याचे लोक त्याच्या अंगावर ओली कापडं घालून बादल्यांनी पाणी ओतत होते. माझं लक्ष त्याच्या डोक्यावरच्या भोकाकडे होतं. ते उघडायचं, आतून हवा सुटल्याचा आवाज यायचा आणि परत मिटायचं. माझ्या शेजारी उभे असलेले एक म्हातारे कोळी म्हणाले, "ह्याची शेपूट बघा बाई, आडवी हाय. माशाची उभी असते." किती नेमकं बोलले ते. मासा पोहताना अंग डावीउजवीकडे वळवतो, म्हणून त्याचं शेपूट उभं. देवमासा पाठ वरखाली करतो, धावणारा कुत्रा करतो तशी, म्हणून त्याचं शेपूट आडवं. जमिनीवर धावणाऱ्या पूर्वजांची पाठ तो अजून वापरतो आहे. दोन दिवसांच्या खटपटीनंतर त्या पिल्लाला समुद्रात ओढून नेलं, पण ते परत किनाऱ्याला लागलं आणि गेलं. तेव्हापासून हा प्राणी माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

म्हणून इजिप्तचं ठरल्यावर मी ग्रुपच्या आयोजकांना आधी वादी अल् हितानचं विचारलं. त्यांनी नावही ऐकलं नव्हतं. 'हूत' म्हणजे देवमासा, 'हितान' त्याचं अनेकवचन, तेव्हा देवमाशांची दरी. कैरोपासून नैऋत्येला सुमारे १५० किलोमीटरवर, फय्यूम प्रांताच्या पश्चिमेच्या वाळवंटात. २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. नैसर्गिक वारसा म्हणून यादीत गेलेली इजिप्तमधली ही पहिली जागा.

आता एजन्सीबद्दल. कैरोच्या हॉटेलमधल्या माणसाने एका स्थानिक एजन्सीशी गाठ घालून दिली. नाव मुद्दाम लिहीत नाही. ठरलं असं होतं : सकाळी सहाला निघायचं, वाळवंटात चालणारी उंच गाडी, इंग्रजी बोलणारा गाईड, दुपारचं जेवण, संध्याकाळी सहापर्यंत परत. आम्ही तिघं होतो, मी, हे आणि माझी धाकटी नणंद. नणंद खरेदी सोडून आली होती आणि आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होती, "वहिनी, एवढ्या लांब येऊन हाडं बघायची? हाडं काय, आपल्याकडे नाहीत?"

गाडी सव्वासातला आली. उंच गाडी नव्हतीच, साधी चार दारांची होती, एका टायरची नक्षी झिजलेली. फोन केला तर "नो प्रॉब्लेम मॅडम, रोड गुड". गाईड तरुण, अदबशीर, फॅरोंचा अभ्यास केलेला. रामसेसच्या राण्यांची नावं धडाधड सांगत होता. पण देवमाशांच्या दरीत तो आयुष्यात दुसऱ्यांदाच चालला होता. तिथल्या प्राण्यांना तो वाटेत दोनदा डायनासोर म्हणाला, तेव्हा मला राहवलं नाही. डायनासोर संपून अडीच कोटींहून जास्त वर्षं उलटल्यानंतरची ही हाडं आहेत आणि ती सस्तन प्राण्यांची आहेत. मी सांगितल्यावर त्याने ते वहीत लिहून घेतलं, ही गोष्ट मात्र मला आवडली. चूक त्याची नव्हती. ज्या एजन्सीने त्याला तयारी न करवता पाठवलं तिची होती.

रस्ता पहिले दोन तास कंटाळवाणा आहे. मग फय्यूमचं हिरवं खोरं लागतं, खजुराची झाडं, गाढवांच्या गाड्या, उजवीकडे कारून सरोवराची करडी रेघ. पुढे वादी अल् रय्यानच्या संरक्षित क्षेत्रात शिरलं की झाडं संपतात. तिथून शेवटचा टप्पा निव्वळ वाळवंटाचा. पिवळी वाळू, मधेच वाऱ्याने कोरून बुटक्या केलेल्या टेकड्या, त्यांत आडव्या थरांच्या रेघा स्पष्ट दिसणाऱ्या. साध्या गाडीने आम्ही पोचलो, पण दोन ठिकाणी रस्त्यावर वाळू आलेली होती आणि आम्हाला उतरून चालावं लागलं. उंच गाडीचा आग्रह धरा.

दरीच्या तोंडाशी मातीच्या रंगाच्या, बुटक्या, गोलसर इमारती आहेत. लांबून त्या टेकड्यांतल्याच वाटतात. त्यांतल्या घुमटाच्या इमारतीत संग्रहालय आहे, जीवाश्म आणि हवामानबदलाचं. २०१६ च्या जानेवारीत इटलीच्या मदतीने ते सुरू झालं. आत गोल दालन, मंद उजेड आणि मधोमध वाळूवर बॅसिलोसॉरस आयसिसचा, म्हणजे इथल्या मोठ्या जुन्या देवमाशाचा, सांगाडा.

लांबी अठरा मीटर. आकडा मला आधीपासून पाठ होता. पण कवटीपासून चालायला सुरुवात केली आणि मणक्यांमागून मणके येतच राहिले, तेव्हा अठरा मीटर म्हणजे किती ते पायांना कळलं. आमच्या शाळेचे दोन वर्ग सलग धरले तरी शेपूट बाहेर राहील. आताच्या देवमाशासारखा हा भरदार नव्हता. लांब, सापासारखा, प्रत्येक मणका मोठ्या डब्याएवढा. कवटीला मी खूप वेळ दिला. पुढचे दात सुळ्यांसारखे टोकदार, मागचे त्रिकोणी, कडेला करवतीसारखे दाते असलेले. एकाच जबड्यात दोन तऱ्हांचे दात! सरड्याच्या तोंडात पुढून मागे साधारण एकाच जातीचे दात असतात. आपल्या तोंडात पटाशी, सुळे, दाढा वेगळ्या. लंडनच्या रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञानेही १८३९ मध्ये दातच पाहिले. अमेरिकेत सापडलेल्या याच जातकुळीच्या हाडांना रिचर्ड हार्लनने १८३४ मध्ये समुद्री सरपटणारा प्राणी समजून बॅसिलोसॉरस, म्हणजे राजसरडा, असं नाव दिलं होतं. दाढांना दोन मुळं दिसली आणि ओवेनने सांगितलं की हा सस्तन आहे. त्याने दुसरं नावही सुचवलं, पण आधी दिलेलं नाव टिकतं असा नियम आहे, म्हणून देवमाशाच्या पूर्वजकुळातला हा प्राणी आजही सरड्याचं नाव लावतो.

मग मी मागच्या टोकाकडे गेले. ज्याच्यासाठी आले होते ते तिथे होतं.

पाय. मांडीचं हाड, नडगी, त्यांच्या मधे गुडघा आणि गुडघ्यावर वाटीसुद्धा. खाली घोटा, पाऊल आणि बारीक बोटं. आपल्या घरातल्या दीड-दोन वर्षांच्या पोराचा पाय असतो साधारण तेवढा. अठरा मीटरच्या देहाला हातभर पाय. त्यावर हा प्राणी उभा राहणं शक्यच नव्हतं, कण्याशी त्यांची सांधजोड उरलेली नव्हती. पण गुडघा गुडघ्यासारखा होता. वाटी वाटीसारखी होती. मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिथे उभी होते हे मला नंतर ह्यांनी सांगितलं. नणंद शेजारी आली, वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगं बाई, खरंच पाय आहे की!" अठ्ठावीस वर्षं मुलांच्या तोंडून ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडून आलं. मला भरून आलं हे सांगायला मी लाजत नाही.

या पायांचा शोध लागायला किती वेळ गेला पाहा. दरीतली हाडं १९०२-०३ च्या हिवाळ्यात ह्यू बीडनेल या भूशास्त्रज्ञाला पहिल्यांदा दिसली. पाय सापडले १९८९ मध्ये, जीवाश्मतज्ज्ञ फिलिप जिंजरिच, त्यांची सहकारी होली स्मिथ आणि एल्विन सायमन्स यांच्या मोहिमेत. मधे छ्याऐंशी वर्षं. हाडं वाळूतच होती. पण या प्राण्याचा धड-शेपटीचा हिशोब इतका लांबलचक आहे की कमरेची जागा नेमकी कुठे शोधायची हेच कोणाला कळत नव्हतं. कंबर कितव्या मणक्याजवळ यायला हवी हे एकदा कळल्यावर एकामागून एक सांगाड्यांपाशी पायांची हाडं मिळत गेली. १९९० साली 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. या पायांचा उपयोग काय असावा? जोडीदाराला धरून ठेवायला, समागमाच्या वेळी, असा संशोधकांचा अंदाज आहे. आजच्या देवमाशांच्या पोटात कमरेची दोन सुटी हाडं उरली आहेत आणि जननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात, हे पाहता तो अंदाज मला पटतो. अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अवयव असं आपण फार घाईने लिहून देतो. जुनं काम गेलं म्हणजे सगळंच काम गेलं असं नसतं. हे वाक्य मी या वर्षीपासून वर्गात सांगायला लागले आहे.

संग्रहालय पाहून परत फिरू नका. खरी दरी बाहेर आहे. आत गाड्यांना बंदी आहे, आखलेल्या पायवाटेने चालायचं. आम्हाला थांबत थांबत अडीच तास लागले. दर थोड्या अंतरावर वाळूत सांगाडे तसेच ठेवले आहेत, जिथे सापडले तिथेच. कडेने दगडांची नाहीतर दोरीची खूण. एका ठिकाणी मणक्यांची रांग वळण घेत गेलेली, तपकिरी, उन्हात तापलेली, आणि तिच्या पलीकडे काही नाही, फक्त वारा. काचेच्या पेटीत ठेवलेलं हाड आणि असं जिथे मेलं तिथेच पडलेलं हाड यांत फार फरक आहे.

इथे आमच्या सोबत दरीतलाच एक स्थानिक माणूस आला, पन्नाशीचा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. इंग्रजी मोजकंच, पण हाडं कशी दाखवायची हे त्याच्याकडून शिकावं. तो आधी काही बोलायचा नाही. उकिडवा बसायचा, वाळूच्या पातळीवरून बोट फिरवायचा, जणू त्या प्राण्याची पाठ कुरवाळतोय, आणि मग म्हणायचा, "हेड. हिअर. टेल, देअर." एका लहान सांगाड्यापाशी तो म्हणाला, "डोरुडॉन. बेबी." डोरुडॉन अॅट्रॉक्स हा इथला दुसरा देवमासा, पाच मीटरच्या आसपासचा, अंगाने आजच्या डॉल्फिनसारखा. त्याच्या पिल्लांच्या कवट्या इथे बऱ्याच मिळाल्या आणि त्यांतल्या काहींवर दातांच्या खुणा आहेत. २०१९ मध्ये एका बॅसिलोसॉरसच्या पोटाच्या जागी डोरुडॉनच्या पिल्लांची चावलेली हाडं आणि मोठ्या माशांचे अवशेष मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे हा उथळ समुद्र डोरुडॉनचं बाळंतघर होता आणि बॅसिलोसॉरस तिथे शिकारीला यायचा. त्या माणसाने दोन्ही हातांचे पंजे एकमेकांवर मिटून जबडा करून दाखवला. आमच्या सुशिक्षित गाईडने अर्ध्या तासात सांगितलं नसतं ते तेवढ्यात कळलं.

पुढे एका उतारावर वाळूतून बोटाएवढ्या जाड नळ्या वर आलेल्या दिसतात. खारफुटीची मुळं, दगड झालेली. मी तिथे खालीच बसले. कोकणातल्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी चिखलातून अशीच मुळं वर आलेली आम्ही लहानपणापासून पाहतो. पावसाचा थेंब वर्षानुवर्षं न पाहणाऱ्या या वाळूत कांदळवन होतं, त्यात पाणमांजरं असतील असं नाही, पण समुद्रगायी होत्या, कासवं होती, मगरी होत्या, शार्क होते. त्या सगळ्यांची हाडं आणि दात इथे मिळाले आहेत. त्या समुद्राचं नाव टेथिस. भारताचा तुकडा आशियाला भिडत होता तेव्हा मधे जो समुद्र आटत चालला होता, तोच.

आणि इथेच मला आपल्याकडची गोष्ट सांगायची आहे, कारण ती इथे उभं राहून पूर्ण होत नाही. वादी अल् हितानमधले देवमासे हे या गोष्टीचं शेवटाकडचं प्रकरण आहे. चार कोटी ते तीन कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीचं. तोवर ते पूर्ण समुद्रातले झाले होते. पहिली प्रकरणं भारत-पाकिस्तानच्या मातीत आहेत. पाकिसेटस पाकिस्तानातला, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांवर चालणारा, लांडग्याएवढा. १९८१ मध्ये त्याचं वर्णन झालं. त्याला देवमाशांत का बसवलं? कानामुळे. कानाच्या हाडाची आतली कड त्याच्यात देवमाशासारखी जाड आहे. मग अॅम्ब्युलोसेटस, तोही पाकिस्तानातला, १९९४ मध्ये जाहीर झाला, नावाचाच अर्थ चालणारा देवमासा. मी खिशात घेऊन फिरते तसं दुहेरी कप्पीचं घोट्याचं हाड पाकिस्तानातल्याच जुन्या देवमाशांत मिळाल्याचं दोन वेगवेगळ्या पथकांनी २००१ मध्ये जाहीर केलं, आणि जनुकं पाहणारे जे म्हणत होते, की देवमासे समखुरी प्राण्यांच्याच कुळातले, त्याला हाडांनी दुजोरा दिला. पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक.

आपल्या कच्छमध्ये हारूडीजवळच्या खडकांतून देवमाशांची हाडं १९७० च्या दशकातच अशोक साहनी आणि मिश्रा यांनी अभ्यासली. तिथलाच कच्छिसेटस, पाणमांजरासारख्या बांध्याचा, कच्छचं नाव मिरवणारा. जम्मूत कालाकोटला ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी दगड गोळा करून ठेवले होते. ते गेल्यानंतर ते दगड देवमाशांच्या जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसेन यांच्याकडे गेले, आणि त्यांतली एक कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून मोडलं. आत पाहिलं तर देवमाशाची जाड कड! तो प्राणी इंडोहायस, त्याचं देवमाशांशी नातं २००७ मध्ये जगासमोर आलं. मांजराच्या आकाराचा, बारीक पायांचा, आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणाच्या धाटणीचा. त्याच्या पायांची हाडं जड होती, पाणघोड्याची असतात तशी, पाण्यात तळाशी टिकून चालायला उपयोगी. आफ्रिकेतली एक पिसोरी आजही घार-गरुड दिसला की पाण्यात उडी मारून लपते. भीतीने पाण्यात शिरणारा एवढासा जीव आणि गणपतीपुळ्याला लागलेलं ते अवाढव्य पिल्लू, यांच्या मधली साखळी आज हातात धरता येते. तिच्या एका टोकाची कडी जम्मूत, एक कच्छमध्ये, एक फय्यूममध्ये. मला फार वाटतं की कच्छला जाणाऱ्या आपल्या पोरांनी पांढऱ्या रणाबरोबर हेही ऐकावं.

इजिप्तमध्ये मात्र काम जोरात चालू आहे, आणि तिथलीच मुलं-मुली करतायत. मन्सूरा विद्यापीठात हिशाम सल्लाम यांच्या पथकाने २०२१ मध्ये फियोमिसेटस अॅन्युबिस हा चार कोटी तीस लाख वर्षांपूर्वीचा, अजून पाय शाबूत असलेला देवमासा जाहीर केला. २०२३ मध्ये टुटसेटस रयानेन्सिस, वादी अल् रय्यानमधला, जेमतेम अडीच मीटरचा. नाव तुतनखामेनवरून, कारण तोही पोरवयातच गेलेला होता. हे नाव आमच्या गाईडला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तुतनखामेन त्याचा हक्काचा विषय. परतीच्या वाटेवर तो मलाच प्रश्न विचारत होता.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक. दहावीच्या पुस्तकात कार्बन वयमापन असतं, त्यामुळे पोरं तुम्हाला नक्की विचारतील. कार्बन-१४ निम्मा व्हायला ५७३० वर्षं लागतात, पन्नास-साठ हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगा तो उरतच नाही. कोट्यवधी वर्षांची हाडं त्याने मोजता येत नाहीत. इथली वयं खडकांच्या थरांवरून आणि त्यांतल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून बसवलेली आहेत.

आणि दुसऱ्या दिवशी पिरॅमिड बघणार असाल तर तिथे एकदा दगडाजवळ वाकून पाहा. चुनखडकात मसूरडाळीपासून नाण्यापर्यंतच्या आकाराच्या चकत्या दिसतात. ते न्युम्युलाइट, एकपेशीय समुद्री जीवांची कवचं. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलं आहे की मजुरांच्या उरलेल्या जेवणातले मसूर दगड झाले, असं तिथले लोक सांगत. मी ग्रुपमधल्या आठ-दहा जणांना बोलावून दाखवलं. ज्या समुद्रात देवमासे पाय गमावत होते त्याच्याच गाळाचे हे चिरे, त्यांनी फॅरोंची थडगी बांधली. हे कळल्यावर पिरॅमिड मला आदल्या दिवसापेक्षा मोठा वाटला.

आता हिशोब. दरी आणि संग्रहालय, पाचपैकी पाच, आणि सहावा असता तर तोही दिला असता. एजन्सीला दोन. गाडी ठरल्याप्रमाणे नाही, सव्वा तास उशीर, विषयाची तयारी नसलेला गाईड. जेवण म्हणून थंडगार ताअमिया, म्हणजे तिकडच्या वालासारख्या कडधान्याचे वडे, आणि पोळीत गुंडाळलेलं लोणचं. ते सकाळी गरम असताना दिलं असतं तरी चाललं असतं. परत आल्यावर मी लेखी तक्रार केली आणि उंच गाडीचे जादा घेतलेले पैसे मागितले. तीन दिवसांनी अर्धे परत मिळाले. तेव्हा गाडीचा प्रकार, निघण्याची वेळ आणि गाईडचा विषय हे तिन्ही आधी लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लिहून. तो लेखी मजकूर होता म्हणूनच मला अर्धे तरी मिळाले.

हिवाळ्यातच जा. सकाळी शाल लागते आणि अकराला टोपी. पायवाटेवर सावली मोजक्या ठिकाणी आहे. प्रत्येकी दोन लिटर पाणी धरा. बंद बूट घाला, वाळू चपलेत राहू देत नाही. वाळूतलं काहीही उचलू नका, शार्कचा दात पायाशी दिसला तरी. नणंदेला दिसला होता. तिने तो त्या रुमालवाल्या काकांना बोलावून दाखवला. त्यांनी तो हातात न घेता वाकून पाहिला, मान डोलावली आणि बुटाने वाळूवर त्याच्याभोवती एक गोल काढला.

कैरोहून पहाटे सहाला निघालात तर परतताना फय्यूममध्ये ट्युनिस नावाच्या कुंभारांच्या गावात थांबता येतं, सरोवराच्या काठी. आमच्या उशिरामुळे तिथे पोचेपर्यंत अंधार पडला आणि बहुतेक दारं बंद झाली होती. एका उघड्या दुकानातून नणंदेने निळा मासा रंगवलेली बशी घेतली. गाडीत बसल्यावर तिने ती दिव्याखाली धरली, शेपूट पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, उभी आहे. हा मासाच."